हिरव्या पट्टीतलं 'धन्यवाद'

'धन्यवाद! तुमचा निरोप आम्हाला मिळाला आहे.'

कुठे मिळाला? कोणाला मिळाला? दीड महिना साइटचा संपर्क फॉर्म भरणाऱ्यापुढे हे वाक्य हिरव्या पट्टीत झळकतंय आणि या दीड महिन्यात त्या फॉर्ममधून आलेलं एकही पत्र माणसाच्या नजरेला पडलेलं नाही. एकही! साइट चालू, कुलपाचं चिन्ह जागेवर, पानं झटपट उघडतायत, आणि गिऱ्हाईक आत येण्याचं एकमेव दार मागून भिंत घालून बुजवलेलं. वर दारावर पाटी, 'स्वागत आहे'.

आधी त्या पट्टीचाच हिशेब घेऊ. ती कशाच्या जोरावर 'मिळाला' म्हणते? फॉर्मचा कोड सर्व्हरवरच्या मेल फंक्शनच्या हातात पत्र ठेवतो, फंक्शन 'ट्रू' म्हणतं, पट्टी हिरवी होते. त्या 'ट्रू'चा अर्थ एवढाच की सर्व्हरने पत्र पाठवायला घेतलं. पुढे ते पोचलं, परत आलं, स्पॅममध्ये पडलं की खड्ड्यात गेलं, फंक्शनला सोयरसुतक नाही. हे फंक्शन ज्या भाषेतलं, त्या पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलेलं आहे, म्हणजे लबाडी कोडची नाही, त्या वाक्याची आहे. टपालपेटीत पाकीट टाकल्याबरोबर पेटीनेच ओरडावं, 'पोचलं हो!', तसलाच प्रकार.

आता या खेपेची मेख. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्यांची, मेल होस्टिंगवरून, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरून, उचलून वेगळ्या मेल सेवेवर नेलेली. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचं टपाल कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बदलले, बाहेरच्या पत्त्यावरून चाचणी केली, पत्र आलं, सगळे खूश. पण ही बातमी होस्टिंगच्या सर्व्हरला कोणी दिली? त्याच्या लेखी या डोमेनचं टपाल अजून त्याच्याच घरी येतं. सी-पॅनेलमधल्या, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरच्या, 'ईमेल राउटिंग'ला 'लोकल मेल एक्स्चेंजर' (टपाल इथेच) तसाच राहिलेला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून निघालेलं पत्र एमएक्स विचारून नव्या पेटीत बरोबर पडतं, आणि साइटच्या स्वतःच्या फॉर्मचं पत्र एमएक्स विचारायच्या भानगडीतच पडत नाही. ते उंबरठा न ओलांडता त्याच सर्व्हरवरच्या जुन्या पेटीत जाऊन बसतं. जी पेटी 'आता लागणार नाही' म्हणून सगळे विसरलेले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि कोणी शहाणपणाने ती जुनी पेटी काढून टाकली असती तर? तर ५५० क्रमांकाचा नकार, 'असा इसम इथे राहत नाही'. तो नकारही जातो कुठे, तर सर्व्हरच्या स्वतःच्या खात्यात, जिथे चिटपाखरू फिरकत नाही.

उपाय ऐका आणि डोकं आपटा. 'ईमेल राउटिंग' उघडायचं, डोमेन निवडायचं, 'रिमोट मेल एक्स्चेंजर'वर टिचकी मारायची, 'चेंज' दाबायचं. अर्धं मिनिट. दीड महिन्याच्या मुक्यापणावर अर्ध्या मिनिटाचा इलाज!

बरं, ही मेख काढली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण शेजारी दुसरी ठोकलेली असतेच. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'प्रेषक' म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता घालायची कोण हौस! म्हणे, उत्तर द्यायला सोपं. अहो, तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतोय, याला बाहेर तोतयेगिरी म्हणतात. त्या डोमेनच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्याच्या नावाने कोणी पाठवायचं त्या यादीत, तुमचा सर्व्हर नाही, डीकिमची डिजिटल सही नाही, मग यांवरून प्रेषकाचं नाव पडताळणारा डीमार्क कसा पास होणार? याहूने तर २०१४ सालीच आपल्या पत्त्यांचं डीमार्क धोरण 'रिजेक्ट'वर, म्हणजे 'नापास पत्र नाकारा'वर, नेलं. प्रेषक आपल्याच डोमेनचा ठेवायचा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तराच्या रकान्यात. पाठवायचं ते पेटीच्या खऱ्या पासवर्डने, एसएमटीपीतून (मेल पाठवायच्या रीतसर वाटेने), पोर्ट ५८७ किंवा ४६५. आणि एसपीएफ रेकॉर्ड एकच. एकच! मेल सेवेचा एक, वार्तापत्र सेवेचा दुसरा असे दोन डकवले की 'पर्मएरर' (कायमची चूक), दोन्ही मुसळ केरात. सगळे 'इन्क्लूड', म्हणजे या सेवांचे उल्लेख, एकाच ओळीत घ्या, आणि ती ओळ तपासताना डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदवहीच्या) फेऱ्या दहाच्या वर गेल्या तरी तोच पर्मएरर, हेही ध्यानात असू द्या.

आणि फॉर्ममधलं पत्र मेल करण्याआधी डेटाबेसमध्ये नोंदून ठेवायला काय हरकत असते? फुकटातले कित्येक फॉर्म आपणहून ठेवत नाहीत. मेल हरवली की पत्रही गेलं, मागे कपाळमोक्ष.

एक कबूल करायलाच हवं. त्या पट्टीचा हिरवा रंग निवडण्यात अस्मादिकांची एक अख्खी दुपार गेलेली आहे. पोपटी भडक दिसतो, शेवाळी मळकट दिसतो, कोपरे चार पिक्सेल गोल करावेत की सहा. 'पोचला आहे' की 'मिळाला आहे' यावर स्वतःशीच वाद. फॉर्म भरून पत्र येतं का ते बघायला लागली असती दोन मिनिटं. असो. कोपरे सहा पिक्सेलच चांगले दिसतात, यावर आजही ठाम.

तर मुद्दा काय, साइट पडली की लगेच कळतं. पांढरा पडदा दिसतो, बोंब होते, कोणीतरी प्लगिनच्या (साइटला जोडलेल्या पुरवणी प्रोग्रामच्या) फोल्डरचं नाव बदलून तिला उठवतं. जीव घेतात ते हे हसतमुख प्रकार. वर्डप्रेसमध्ये (साइट बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'सेटिंग्ज'च्या 'रीडिंग' पानावर तळाला एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी या साइटची दखल घेऊ नये अशा विनंतीचा. साइट बांधताना त्यावर टिक करतात, ठीक. मग वाजतगाजत उद्घाटन होतं आणि टिक तिथेच. तीन महिन्यांनी विचारणा, 'गूगलवर आपण कसे दिसत नाही?' तुम्हीच हात जोडून सांगितलंय ना, दाखवू नका म्हणून! त्यात काही महाभाग रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (सर्च इंजिनांनी काय उघडू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) अख्ख्या साइटला बंदी घालून ठेवतात. मग टिक काढली तरी गूगलला पान उघडायची परवानगी नाही, म्हणजे टिक काढल्याचं त्याला कळणार कसं?

डोमेनचं तर नावच काढू नका. काढलंच आहे तर सांगतो. डोमेन साइट बनवणाऱ्याच्या खात्यात, तो नंबर बदलून गायब. किंवा खातं आपलंच, पण मुदतीची सूचना येणार त्याच डोमेनच्या मेलपत्त्यावर. डोमेन संपलं की पेटीही बंद, मग सूचना वाचणार कोण, कप्पाळ? डॉट कॉमसारख्या डोमेनला मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्याच्या, मर्जीनुसार सवलतीचे काही दिवस, मग ३० दिवस सोडवणुकीचे आणि त्याला जबर दंड, मग ५ दिवस निव्वळ टांगून, आणि मग जो पहिला येईल त्याचं. खात्याला बाहेरच्या डोमेनचा पत्ता द्या आणि आपोआप नूतनीकरण सुरू ठेवा. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात ते सर्व्हर, बदलणारे वेगळेच. 'फक्त साइट हलवतोय' म्हणत नेमसर्व्हर बदलतात, नव्या जागी साइटचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड तेवढा घालतात, एमएक्स आणि टीएक्सटी (एसपीएफ वगैरे) राहतात जुन्या गावी. साइट दिसते झकास, मेल ठार. आदल्या दिवशी सगळे रेकॉर्ड उतरवून घ्यायला, टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणायला हात मोडतात का?

फोटो! कॅमेऱ्यातून आलेला सहा हजार पिक्सेल रुंद फोटो, आठ एमबीचा, चारशे पिक्सेलच्या चौकटीत. ब्राउझर बिचारा आठच्या आठ एमबी उतरवतो आणि मग चेपतो. आठशे पिक्सेल रुंद वेबपी (फोटोचा हलका प्रकार) पुरतो, शंभरेक केबीत बसतो. रुंदी-उंची लिहायची नाही, म्हणजे फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. वर स्लायडर हवा, पाच फोटोंचा, आणि पहिल्याच फोटोला 'लेझी' (नजरेसमोर यायची वेळ होईल तेव्हाच उतरव) लावलेलं. मग सगळ्यात मोठा घटक अडीच सेकंदांत का दिसत नाही म्हणून होस्टिंगवाल्याच्या नावाने शंख.

आणि हे मात्र माझं खास दुखणं, कोणाला क्षुल्लक वाटलं तरी वाटो. रोमन कॅपिटल अक्षरांसाठी बनवलेली थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, घ्यायची, तिच्यात मथळ्यांना दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली मोकळी जागा) असतं, आणि त्यात मराठी ओतायची. शिरोरेखेचे तुकडे तुकडे! शब्द नव्हे, दात पडलेली फणी. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, एक ओळ, 'लेटर-स्पेसिंग: नॉर्मल'. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.६ च्या आसपास न्या, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसणार नाहीत. 'प्रोफेशनल लुक' हवा म्हणतात आणि भाषेचीच फणी करून ठेवतात.

'मला जुनंच दिसतंय.' हे वाक्य ऐकलं की हल्ली रक्तदाब मोजावा लागतो. कारण कॅश, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली प्रत. प्लगिनचा कॅश, सर्व्हरचा कॅश, सीडीएनचा (जागोजागी प्रती ठेवणाऱ्या सेवेचा) कॅश, ब्राउझरचा कॅश. साफ करायचे तेही आतून बाहेर, याच क्रमाने. उलट गेलात तर बाहेरचा कॅश आतला शिळा माल पुन्हा भरून घेतो. आणि फॉर्मचं पान कॅशमध्ये कोंबून ठेवाल तर वर्डप्रेसचा नॉन्स (फॉर्मवरचा थोड्या मुदतीचा शिक्का) चोवीस तासांच्या आत शिळा होतो, मग फॉर्म ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', देतो. निदान तो तोंडावर 'नाही' तरी म्हणतो, एवढं त्याचं कौतुक.

बॅकअपचं काय? आहे की, रोज होतो. त्याच सर्व्हरवर.

ती जुनी पेटी अखेर उघडली. दीड महिन्याची थप्पी. निम्म्याहून अधिक पत्रं 'तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो'वाल्यांची, ती पुरायच्याच लायकीची. मधे खरे लोक, खरे प्रश्न, फोन करा म्हणून दिलेले नंबर. त्यांतल्या एका भल्या माणसाने दोन आठवडे वाट पाहून पुन्हा लिहिलंय, 'तुमचा संपर्क फॉर्म चालत नसावा, आपल्या माहितीसाठी कळवतोय.'

फॉर्ममधूनच. त्यालाही पट्टीने धन्यवाद दिले असणार.