‘लिनक्सचं वायफाय सात स्टेपमध्ये कायमचं नीट’ म्हणे!

“लिनक्स लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? ७ स्टेप, कायमचा इलाज. पुढे पाठवा.” हा मेसेज पुण्यातल्या कॉलेजांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवरून फिरत फिरत आमच्या भाचीपर्यंत पोचला. तिने त्यातली तिसरी स्टेप इमानेइतबारे केली आणि २०० एमबीपीएसच्या फायबरवर तिचं ऑनलाइन लेक्चर गचके खायला लागलं. तेव्हा आता एकेक स्टेप घेऊच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. १) लिनक्सला वायफायचे ड्रायव्हरच (कार्ड चालवणारे प्रोग्राम) नसतात, जमलं तर विंडोज टाका. २) आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ८.८.८.८ ठेवा. ३) ‘११एन’ (८०२.११एन ही वायफायची वेगवान पद्धत) बंद करा. ४) देश ‘यूएस’ करा, सिग्नलची ताकद वाढते. ५) पॉवर सेव्हिंग बंद करा. ६) फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइली उडवा आणि सोबतच्या लिंकवरची स्क्रिप्ट सुडोने (सिस्टिमचे सगळे अधिकार देऊन) चालवा. ७) राउटर दर आठवड्याला फॅक्टरी रीसेट करा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

सात स्टेप झाल्या, पण लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड कुठलं आहे हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ची नोंद शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. तिथे ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ असेल तर कार्ड इंटेलचं. ‘आरटीडब्ल्यू’ किंवा ‘आरटीएल’ने सुरू होणारं नाव रिअलटेकचं, ‘एमटी७९२१ई’ मीडियाटेकचं, ‘एटीएच’ने सुरू होणारं क्वालकॉमचं. हे न बघता सांगितलेल्या स्टेपला काडीचा अर्थ नाही. तिसरी स्टेप फक्त इंटेलच्या ड्रायव्हरसाठी आहे. रिअलटेकवाल्याने ती केली तर काहीच होत नाही, आणि तो बिचारा ‘माझ्याकडे इलाजही चालला नाही’ म्हणून विंडोज टाकायला निघतो.

पहिली स्टेप : ड्रायव्हर नसतात. इंटेल, मीडियाटेक, क्वालकॉम आणि रिअलटेकच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, येतात. अर्धं सत्य एवढंच, की नवं कार्ड आणि जुनं कर्नल यांचं जमत नाही. इंटेल एएक्स२१० ला ५.१०, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२, रिअलटेक ८८५२एई ला ५.१६ आणि ८८५२बीई ला ६.२ किंवा त्यापुढचं कर्नल लागतं. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ मुळात ५.१५ वर आली, म्हणजे त्यावर ८८५२बीई दिसणारच नाही. एचडब्ल्यूई (उबुंटूचं नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल घेतलं की दिसतं. आपलं कर्नल ‘यूनेम -आर’ने कळतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचा त्रास मात्र खरा आहे, तिथे भांडत नाही. डेबियन या दुसऱ्या प्रकाराच्या इन्स्टॉलरमध्येही जून २०२३ च्या १२व्या आवृत्तीपर्यंत बंदिस्त फर्मवेअर नसायचं, तेही मान्य.

दुसरी : आयपीव्ही६ आणि डीएनएस. यांचा वायफाय तुटण्याशी संबंध नाही. डीएनएस बिघडलं तर साइट उघडत नाही, वायफायचं चिन्ह जागेवरच असतं. दोन्हींतला फरक तीन पिंगमध्ये (पिंग म्हणजे समोरून उत्तर येतंय का हे बघणारी कमांड) कळतो. ‘आयपी राउट’ चालवलं की ‘डिफॉल्ट व्हाया’च्या पुढे राउटरचा पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. एका खिडकीत त्याला पिंग, दुसरीत ८.८.८.८ ला आणि तिसरीत एखाद्या साइटच्या नावाला. पहिलंच अडखळलं तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये. पहिलं ठीक आणि दुसरं बंद, तर फायबरवाल्याला फोन करा, लॅपटॉपला हात लावू नका. पहिली दोन ठीक आणि तिसरं बंद, तरच डीएनएस बदला.

तिसरी : ‘११एन’ बंद करा. या स्टेपसाठी हा सगळा खटाटोप. मेसेज सांगतो, ‘एटसी’ फोल्डरमधल्या ‘मॉडप्रोब.डी’त एक फाइल करा आणि तीत ‘ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय ११एन_डिसेबल=१’ ही ओळ टाका. या १ चा अर्थ शोधायला कुठे जायला नको. इंटेलचं कार्ड असेल तर ‘मॉडइन्फो आयडब्ल्यूएलवायफाय’ चालवा. ड्रायव्हर स्वतःच सांगतो : १ म्हणजे ११एन पूर्ण बंद, २ म्हणजे पाठवतानाचं अ‍ॅग्रिगेशन (डेटाची अनेक पाकिटं एकत्र बांधणं) बंद, ४ म्हणजे घेतानाचं अ‍ॅग्रिगेशन बंद, ८ म्हणजे पाठवतानाचं अ‍ॅग्रिगेशन चालू.

११एन पूर्ण बंद झालं की त्याच्यावर उभे असलेले ११एसी आणि ११एएक्स (वायफाय ५ आणि ६) हेही गेले. उरतं ते ८०२.११ ए आणि जी, म्हणजे कागदावर ५४ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस. ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० लिंक’ चालवून बघा (‘डब्ल्यूएलपी३एस०’ हे इंटरफेसचं, म्हणजे लिनक्सने वायफाय कार्डाला दिलेलं, नाव; तुमचं वेगळं असेल, ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने कळतं). दोन अँटेनांच्या ११एसी कार्डावर राउटरजवळ ‘टीएक्स बिटरेट’च्या ओळीत ‘८६६.७ एमबिट/एस व्हीएचटी-एमसीएस ९ ८०मेगाहर्ट्झ’ असं काहीतरी दिसतं. स्टेप केल्यावर तिथेच ‘५४.० एमबिट/एस’ येतं, आणि मागचं सगळं शेपूट गायब.

बरं, नुकसान एकट्याचं असतं तरी ठीक होतं. हवेतली वेळ घरातल्या सगळ्यांमध्ये वाटलेली असते. तोच डेटा ८६६ ऐवजी ५४ ने पाठवायला कागदावर सोळापट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे फोन, टीव्ही थांबून राहतात. कर्वे रोडवर पुढे ट्रॅक्टर लागला की मागच्यांची जी गत होते तीच.

मग ‘मला फरक पडला’ म्हणणारे कुठून येतात? तेही खोटं बोलत नाहीत, आणि म्हणूनच ही स्टेप मरत नाही. इंटेलच्या जुन्या, सेंट्रिनो जमान्यातल्या कार्डांना अनेक पाकिटं एकत्र बांधून पाठवणं खरोखर झेपत नव्हतं. त्यांचा ड्रायव्हर ‘आयडब्ल्यूएलडीव्हीएम’. २०१४ मध्ये कर्नलमध्ये त्या कार्डांसाठी पाठवतानाचं अ‍ॅग्रिगेशन मुळातच बंद केलं गेलं, आणि ज्याला हवंच आहे त्याच्यासाठी ८ हा आकडा ठेवला. म्हणजे दुखणं ठरावीक कार्डांचं होतं, त्यावरचा उपायही तेवढ्यापुरता होता आणि तो कधीच लागू झालेला आहे. मेसेज मात्र एएक्स२०१ सारख्या नव्या कार्डवाल्यालाही पूर्ण ११एन कापायला लावतो. शिवाय कमी वेगाची जुनी पद्धत कमजोर सिग्नलवरही कशीबशी तग धरते, त्यामुळे तुटणं कमी झाल्यासारखं वाटतं. कमजोर सिग्नल होता तसाच राहतो.

तुटण्याचं कारण कर्नलच्या नोंदीत लिहिलेलं असतं. वायफाय तुटलं की लगेच ‘जर्नलसीटीएल -के’ उघडून शेवटच्या ओळी वाचा. ‘कनेक्शन टू एपी… लॉस्ट’ असेल तर राउटरचे बीकन (‘मी इथे आहे’ असे सतत येणारे इशारे) ऐकू येईनासे झाले : सिग्नल कमजोर, नाहीतर राउटरने चॅनेल बदललं किंवा तो बंद पडला. ‘डीऑथेंटिकेटिंग… बाय लोकल चॉइस, रीझन ३’ असेल तर लॅपटॉपनेच हात सोडला : झोपेत जाणं किंवा नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा निर्णय. ‘रीझन १५’ म्हणजे चार टप्प्यांचं हँडशेक (राउटरशी ओळख पटवणं) वेळेत पुरं झालं नाही. पासवर्ड तपासा, आणि राउटरवर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र असेल तर नुसतं डब्ल्यूपीए२ ठेवून बघा. ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ आलं तर इंटेलचं फर्मवेअर कोसळलं. चार ओळी, चार वेगळी दुखणी. सगळ्यांवर एकच गोळी देणाऱ्याला काय म्हणायचं?

चौथी : देश ‘यूएस’. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत १ ते ११. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि त्याने १२ किंवा १३ धरलं, तर देश बदललेल्या लॅपटॉपला स्वतःच्या घरचं वायफायच दिसणार नाही. ताकद वाढते म्हणावं तर कार्डाची स्वतःची मर्यादा कारखान्यातच बांधलेली असते, देशाचं नाव बदलून ती वाढत नाही. इंटेलची नवी कार्डं तर ‘आयडब्ल्यू रेग सेट’ला जुमानतच नाहीत. ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये त्यांच्यापुढे ‘सेल्फ-मॅनेज्ड’ लिहिलेलं असतं. बाकीच्या कार्डांवर तिथे ‘००’ (देश ठरलेला नाही) दिसलं तर मात्र ‘आयएन’ ठेवा, ते बरोबर आहे.

सिग्नल खरंच कमी असेल तर अँटेना बघा. वरच्याच ‘लिंक’ कमांडमध्ये ‘सिग्नल’चा आकडा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा : -५० उत्तम, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉलला पुरे, -७५ च्या खाली रडारड. राउटरपासून दोन मीटरवर बसूनही -७५ येत असेल तर ना भिंतीचा दोष ना लिनक्सचा. रॅम किंवा एसएसडी बदलताना कार्डावरच्या दोन बारीक वायरींपैकी, बहुधा काळी आणि पांढरी, एखादी निसटलेली असते. कनेक्टर सरळ वरून दाबला की टक् आवाज येऊन बसतो. तिरका दाबला तर वाकतो, आणि या कनेक्टरना फार वेळा काढ-घाल झेपत नाही.

एक खास केस. आरटीएल८७२३बीई कार्डाच्या काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः एचपीच्या, कार्डाला जागा दोन असतात आणि अँटेनाची वायर एकच. ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. ‘मॉडप्रोब.डी’तल्या एका फाइलीत ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ टाकून रीस्टार्ट करा, नाही जमलं तर १ करून बघा. इथे सिग्नल एका झटक्यात वर येतो.

पाचवी : पॉवर सेव्हिंग. सातांतली ही एक कामाची स्टेप, फक्त सांगितलीय चुकीची. कार्ड डुलकी घेतं, राउटर त्याची पाकिटं धरून ठेवतो आणि साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी बीकनमधून ‘तुझं काही आलंय’ असं कळवतो. जाग वेळेवर आली नाही की राउटरचं पिंग ३ वरून १००-२०० मिलिसेकंदांवर उड्या मारतं. मेसेजमधली ‘आयडब्ल्यूकॉन्फिग डब्ल्यूएलएएन० पॉवर ऑफ’ बहुतेकांकडे नावाशीच अडते, कारण इंटरफेसचं नाव ‘डब्ल्यूएलएएन०’ नसतं. चाललीच तर रीस्टार्टनंतर जाते. कायमचं हवं तर ‘एटसी’मधल्या ‘नेटवर्कमॅनेजर’च्या ‘कॉन्फ.डी’त बघा. उबुंटूत तिथे ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल असते आणि तीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. २ करून नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह… गेट पॉवर_सेव्ह’ने खात्री करा.

रिअलटेक ८८५२ वाल्यांना एवढ्याने भागेलच असं नाही. त्यांच्याकडे पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड लॅपटॉपला ज्या मार्गाने जोडलेलं असतं त्याची) झोपही आडवी येते, तिला ‘मॉडप्रोब.डी’त ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय’.

सहावी : फर्मवेअर उडवा, स्क्रिप्ट चालवा. ‘सगळ्या फाइली काढा, जुनं फर्मवेअर आपोआप येतं.’ कुठून येणार? इंटेलचा ड्रायव्हर त्याला ठाऊक असलेल्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून एकेक पायरी खाली शोधत जातो. एकही सापडली नाही की ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ म्हणतो आणि वायफाय पुरतं जातं. एखादी नवी आवृत्ती बिघडलेली असू शकते, हे खरं. तेव्हा तेवढ्या एका फाइलचं नाव बदलून ठेवतात. आणि अनोळखी लिंकवरची स्क्रिप्ट सुडोने चालवणं म्हणजे घराची किल्ली देणं, यावर चर्चा नको. त्यातून बसवलेला बाहेरचा ड्रायव्हर सिक्युअर बूट (डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सहीशिवाय लोड होत नाही, आणि पुढच्या कर्नल अपडेटला बहुधा पुन्हा रुसतो.

सातवी : फॅक्टरी रीसेट. पीपीपीओई (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं कनेक्शन) असेल तर तो युजरनेम-पासवर्डही पुसला जातो आणि रविवारी संध्याकाळी ऑपरेटरचा फोन लागत नाही. राउटरवर करायचं ते एवढंच : २.४ गिगाहर्ट्झला २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं चॅनेल. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधलं. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारची चाहूल लागली, खरी असो वा खोटी, की राउटरला १० सेकंदांत ते सोडावं लागतं आणि ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’च्या पुढे नेटवर्कचं नाव आणि ‘८०२-११-वायरलेस.बँड ए’. तो ५ गिगाहर्ट्झवरच राहील. मात्र दोन आरसीसी भिंतींपलीकडच्या खोलीत बसणार असाल तर हे करू नका.

ज्यांनी मेसेज आधीच अमलात आणला त्यांनी ‘मॉडप्रोब.डी’तली ती फाइल काढून रीस्टार्ट करावं. ‘सिस’मधल्या ‘मॉड्यूल’, ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, ‘पॅरामीटर्स’च्या आतल्या ‘११एन_डिसेबल’ फाइलमध्ये ० दिसायला हवा. फर्मवेअर उडवलं असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वायफायचं कार्ड लागत नाही. मग उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर’ आणि रीस्टार्ट. सुडोवाली स्क्रिप्ट चालवली असेल तर आधी डेटा बाहेर काढा आणि सिस्टिम नव्याने टाका.