चांगल्या दाताला हात कशाला लावायचा?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दातांवरून जुंपली आहे. मावसबहिणीच्या सात वर्षांच्या मुलाच्या नव्या दाढांना सीलंट लावून घ्या, असं तिच्या डेंटिस्टने सुचवलं आणि जाता जाता म्हणाली, तुमच्याही एका दाढेला लावू या. एवढंच निमित्त. मामा म्हणाले, चांगल्या दाताला हात लावू नये. धाकट्या मावशीच्या मते ही सरळसरळ दुकानदारी. एका भावाने प्लास्टिक पोटात जाण्याविषयीचा कुठला तरी व्हिडिओ टाकला. बहिणीच्या स्वतःच्या दाढेचा विषय निघाला तेव्हा तर हसण्याच्या इमोजींची रांग लागली. पोराचं एक वेळ ठीक, चाळिशी उलटल्यावर हे कसले लाड?

मला राहवेना. मी भलंमोठं उत्तर लिहिलं. मी जर्मनीत राहते, त्यामुळे त्यावर मामांची एक ओळ आली: ‘तुमच्याकडे सगळं इन्शुरन्स देतं, तुम्हाला बोलायला काय जातं?’

बरं, आधी दाढेचं बघू. सहाव्या वर्षाच्या आसपास जी पहिली कायमची दाढ येते, ती कुठलाही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. काही पडलं नाही म्हणून आईबापांना वाटतं, ही दुधाचीच, पडेल आपोआप. ती पडत नाही, जन्मभर वापरायची असते. तिच्या माथ्यावर खाचा असतात आणि त्यातल्या कित्येक ब्रशच्या केसाहूनही अरुंद असतात. म्हणजे पोर कितीही शहाण्यासारखं ब्रश करो, खाचेच्या तळाशी ब्रश पोचतच नाही. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते, तिचीही तीच कथा. मुलांच्या कायमच्या दातांतली बहुतेक कीड मागच्या दाढांत सापडते, ती यामुळेच.

सीलंट म्हणजे या खाचा बुजवणारा राळेचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पातळ थर. माझ्या लेकीला लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. गालात कापसाच्या गुंडाळ्या, लाळ ओढणारी नळी. दाढेवर निळं जेल, पंधरा-वीस सेकंद. हे फॉस्फोरिक ॲसिड असतं, त्याने इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, सूक्ष्मपणे खरखरीत होतं. मग पाण्याचा फवारा, मग हवा. वाळल्यावर दाढेचा माथा खडूसारखा पांढराफटक दिसला, आणि डॉक्टरांनी तो मला मुद्दाम दाखवला, कारण तो तसा दिसला नाही तर पुढचं चिकटत नाही. त्यावर थेंबभर सीलंट, टोकदार अवजाराने खाचांत नीट फिरवलेलं, आणि वर तो थर कडक करणारा निळा दिवा. शेवटी रंगीत कागद चावायला लावून दाढ उंच लागत नाही ना, हे पाहिलं. सुई नाही, ड्रिल नाही. लेक तेवढ्या वेळात छतावरच्या टीव्हीत माकडं बघत होती.

आता ‘हे नवीन फॅड’ म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मायकल बुओनोकोर या दंतवैद्यांनी ॲसिडने इनॅमल खरखरीत करून त्यावर ॲक्रिलिक चिकटवता येतं, हे १९५५ साली दाखवलं. तेच तंत्र पुढे दाढेच्या खाचा बुजवायला वापरलं गेलं. १९५५, म्हणजे हे फॅड मामांच्या जन्मसालाचं आहे. आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे सांगतात की सीलंटमुळे मागच्या दातांतली ८० टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते, चार वर्षांपर्यंत ५० टक्के. सहा ते अकरा वर्षांच्या ज्या मुलांना सीलंट नाही, त्यांच्या पहिल्या दाढांत सीलंटवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट कीड असते. प्लास्टिकवाल्या व्हिडिओचं म्हणाल तर काही सीलंटमधून बीपीए या प्लास्टिकमधल्या रसायनाचा अत्यल्प अंश लाळेत येतो, तो लावल्यानंतर थोडाच वेळ. म्हणून वरचा चिकट थर पुसून घेतात, चूळ भरायला लावतात. रोजच्या व्यवहारात, दुकानाच्या पावत्या हाताळतानासुद्धा, त्याहून जास्त बीपीए अंगात जातं. पण पावत्यांवर कोणी व्हिडिओ करत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं, जरा जास्तच ठासून. सोबत हेही, की इथे जर्मनीत सहा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या मोठ्या दाढांच्या सीलंटचे पैसे क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, भरते, शाळेत दातांचे डॉक्टर येऊन तपासून जातात, बाराव्या वर्षापासून मुलांच्या बोनसहेफ्टात, म्हणजे दाततपासणीच्या नोंदवहीत, शिक्के पडायला लागतात, आणि त्या शिक्क्यांवर पुढे कॅपचे जास्त पैसे मिळतात. यावर कोणी वाद घालत नाही. लेकीच्या वर्गातल्या एकाही आईला मी ‘चांगल्या दाताला हात कशाला’ म्हणताना ऐकलेलं नाही.

आणि मामांचं वाक्य नेमकं इथेच टोचतं. कारण त्याच आया स्वतःच्या दाढेचं काय करतात, ते मला माहीत आहे. अठरा पूर्ण झाली की क्रांकेनकासे हात वर करते, सीलंट स्वतःच्या खिशातून. ऑफिसातल्या एका सहकारिणीला तिच्या डॉक्टरांनी अक्कलदाढेशेजारच्या दाढेला सीलंट सुचवलं, तर ती दुपारी आम्हाला म्हणाली, बघा, आता हे असं कमावतात. सूर थेट आमच्या मावशीचा, फक्त भाषा जर्मन. म्हणजे इथली माणसं आरोग्याबाबत जास्त सजग वगैरे काही नाहीत. बिल दुसऱ्याने भरलं की प्रतिबंधक उपायावर सगळ्यांचाच विश्वास बसतो.

आपल्याकडे तो बसावा कसा? दंतवैद्यकीय महाविद्यालयं तीनशेच्या वर आहेत, शहरांत डेंटिस्टांची वाण नाही. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांना तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून दातांची कीडही आहे. पण खाजगी दवाखान्यात पैसे रोखीने, कामागणिक. नेहमीच्या आरोग्य विम्यात साधं दाताचं काम सहसा बसत नाही. दुखत नसलेल्या दाताला कोणी उपाय सांगितला की माणूस आधी खिसा चाचपणार. तेव्हा मावशीला मी अडाणी म्हणणार नाही (लिहिताना थोडं तसं वाटलं होतं, ते जाऊ दे).

उलट इथे कोणी आपल्या डेंटिस्टांबद्दल नाक मुरडलं की माझाच पारा चढतो. माझ्या चारही पहिल्या दाढांत शाळेच्या वयात भरलेली चांदी आहे. खाचांत कीड, ड्रिल, चांदी, असाच क्रम आमच्या पिढीत बहुतेकांचा. इथल्या असिस्टंटने पहिल्यांदा आरसा आत घातला आणि विचारलं, हे कुठे केलंत? मी सांगितलं. मग चढणारा पारा आधीच चढवून थांबले. ती म्हणाली, काम चांगलं आहे, अजून कडा सुटलेल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की काय सांगू, जणू माझ्या अख्ख्या देशाला कोणी पैकीच्या पैकी दिले. आणि खरं सांगायचं तर सुट्टीवर निघताना विमानाच्या तिकिटानंतर मी घेते ती घरच्या डेंटिस्टची अपॉइंटमेंट. कॅप बसवायला मला तेच हात लागतात, मी काय म्हणते ते पुरतं न सांगता कळणारे. लेकीचे दात मात्र इथले. तिच्या दाढांवर दुधी थर, माझ्या दाढांवर काळपट चांदी. दात घासताना आरशात दोघी शेजारी उभ्या राहिलो की कोण कुठलं हे वेगळं सांगावं लागत नाही. मामा मला ‘तुमच्याकडे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या हिशेबात मी लेकीच्या बाजूला असते. असिस्टंटच्या आरशात मी मामांच्या.

असो. राहिला बहिणीच्या दाढेचा प्रश्न, ज्यावर सगळे हसले. सीलंटवरचे बहुतेक अभ्यास मुलांवर आणि किशोरवयीनांवर झालेत, मोठ्यांवर कमी, हे खरं. पण इनॅमल तेच, खाच तीच आणि चिकटण्याची रीतही तीच. मोठेपणी बऱ्याच दाढांत आधीच फिलिंग असतं, तिथे सीलंटचा उपयोग नाही. ज्या दाढेच्या खाचा खोल आहेत, दाढ शाबूत आहे आणि माणसाला कीड लागायचा धोका जास्त आहे, तिथे वय आड येत नाही. बहीण गेली काही वर्षं ज्या गोळ्या घेते त्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड वाढते. डेंटिस्टने एवढं पाहून एकच दाढ सुचवली, सरसकट सगळ्या नाहीत. दुकानदारी करणारी बाई एकावर थांबली असती का? मामांच्या वयाला मात्र सीलंट फारसं कामाचं नाही. हिरड्या खाली सरकल्या की कीड मुळांवर लागते, तिथे जास्त फ्लोराइडची पेस्ट, फ्लोराइडचं वार्निश. दोन दातांच्या मधल्या फटीतही सीलंट पोचत नाही, तिथे कोणत्याही वयात दोराच (फ्लॉस).

बहिणीने ग्रुप सोडून मला वेगळा मेसेज केला: ताई, मग करू ना? मी लिहिलं, कर, पण डेंटिस्टला दोन गोष्टी विचार. तुझ्या दाढेवर जो तपकिरी डाग आहे तिथे खड्डा पडलाय का? नुसती सुरुवात असेल तर त्यावर सीलंट चालतं, आतल्या जंतूंची उपासमार होते. खड्डा असेल तर फिलिंगच. आणि मुलाच्या खालच्या दाढा पूर्ण वर आल्यात का? मागच्या अर्ध्यावर हिरडीचा पदर असेल तर लाळ आवरत नाही, आणि ओल्या दाढेवर राळ टिकत नाही. तसं असेल तर तूर्त ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट लावतात, ते ओलावा सोसतं आणि फ्लोराइडही सोडतं. राळेचं नंतर बघता येईल. पुढे दर तपासणीला थर जागेवर आहे का तेवढं बघायला सांग, निघाला असेल तर पुन्हा लावतात.