सुट्टी, पण वाकून

कॅम्पिंग केलं की माणूस निसर्गाच्या जवळ जातो म्हणतात ते खरंय, फक्त तो जमिनीकडून जातो हे कुणी आधी सांगत नाही. स्वयंपाक उकिडवं बसून, पोरांचे बूट शोधायचे ओणवं होऊन, चादरी झटकायच्या गुडघ्यांवर, आणि तंबूत शिरायचं-निघायचं तर सरळ रांगत. घरी ओट्याशी उभं राहून जे काम वीस मिनिटांत उरकतं ते इथे घोट्याच्या उंचीवर दीड तास चालतं, आणि ऑफिसात मात्र आपली सुट्टी मांडलेली असते.

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, आम्स्टलफेनला. इथे उन्हाळ्यात शाळांना सहा आठवडे सुट्टी, आणि ती जवळ आली की शाळेच्या गेटवर सगळे आईबाप एकमेकांना एकच विचारतात, यंदा कॅम्पिंग कुठे? आम्ही आपले "इंडिया" म्हणून सुटायचो. यंदा तिकिटांचे भाव बघून इंडिया बारगळलं आणि तेवढ्यात लेक, वय वर्षं सहा, घरी येऊन म्हणाली की वर्गातले सगळे तंबूत झोपलेत, मी एकटीच अजून घरात झोपते. हे अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही पोरीला उपाशी ठेवतो. झालं. नवऱ्याने त्याच रात्री टेसेल बेटावर तंबूची जागा बुक केली आणि वर म्हणतो, गाडी नको, सायकलीच नेऊ, इथली माणसं नेतातच की.

इथल्या माणसांचं काय घेऊन बसलात. ती पाळण्यातून उतरतात ती थेट सायकलवर. आमच्या शेजारचं चार वर्षांचं कार्टं एका हाताने हॅण्डल आणि दुसऱ्या हाताने सफरचंद असं चौकातून वळतं. माझं सायकलिंग म्हणजे अकरावीला लेडीबर्डवरून क्लासला, तेही सांगलीत, जिथे चढ नाही, वारा नाही आणि मागे चौदा किलोचं पोर बांधलेलं नाही.

साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, पैसे देऊन जमिनीवर झोपायचं? त्यापेक्षा इकडे या की, अंगणात सतरंजी टाकते. डास फुकट."

मी म्हंटलं, "अहो आई, निसर्ग असतो तिथे." त्या म्हणाल्या, "आणि आमच्याकडे काय असतं गं?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी फोन नवऱ्याकडे दिला.

सामानाचं सांगते. सायकलीमागे जोडायचा जो दोन सीटचा ट्रेलर असतो त्यात एका सीटवर बारक्या (वय तीन) आणि दुसऱ्या सीटवर बारक्याचं साम्राज्य, म्हणजे डायपर (फक्त रात्रीपुरते, असं तो सगळ्यांना सांगतो), स्वेटर, रेनकोट, गमबूट, बादली-फावडं, आणि एक ससा ज्याच्याशिवाय झोप येत नाही. तंबू, स्लीपिंग बॅगा, गाद्या आणि पंप नवऱ्याच्या सायकलला. गॅसची छोटी शेगडी, कुकर, डाळ-तांदूळ, चिवडा आणि धपाटे माझ्या सायकलला. लेकीच्या सायकलला एक घंटी. बरं, एरवी ट्रेनमध्ये गर्दीच्या वेळी सायकल चढवू देत नाहीत पण जुलै-ऑगस्टमध्ये ती अट नसते, हे आपल्याला जसं माहीत असतं तसं अख्ख्या देशाला माहीत असतं, त्यामुळे डेन हेल्डरपर्यंत मी घडी केलेला ट्रेलर पोटाशी धरून कुणाच्या तरी हॅण्डलबारला बगलेत घेऊन उभी होते.

डेन हेल्डरहून बोट. जेमतेम वीस मिनिटांचा प्रवास, पण तेवढ्यात सीगलनी लेकीच्या हातातला धपाटा पळवला. हातातून म्हणजे अक्षरशः बोटांतून, लोणच्यासकट. लेक रडायला लागली, बारक्या टाळ्या वाजवायला लागला, आणि शेजारचे एक डच आजोबा त्या पक्ष्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, हुशार आहे हं. मला उगाचच बरं वाटलं की मेथी त्याला पण चालली.

बेटावर उतरलो आणि सगळ्यांचा जो काही गैरसमज व्हायचा तो तिथे झाला. बंदरापासून द कोख गावाजवळच्या आमच्या कॅम्पिंगपर्यंत बारा-तेरा किलोमीटर, आणि सायकल आपोआप चाललेली! पायडल नुसतं टेकवायचं. दोन्ही बाजूंना मेंढ्या (बेटावर माणसं साडेतेरा-चौदा हजार आणि मेंढ्याही जवळपास तितक्याच), रस्ता गुळगुळीत, लेक पुढे गाणं म्हणतेय, नवरा मागे वळून म्हणतोय, बघ, उगीच घाबरत होतीस. ह्या भागात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि आम्ही उत्तरेकडे चाललो होतो, इतकंच त्यामागचं रहस्य होतं. पण पाठीवरचा वारा कुणाला जाणवत नाही, आपल्याला वाटतं आपलीच तब्येत सुधारली.

तो वारा तंबू उभारताना भेटला. नवऱ्याने एक खुंटी ठोकली की आधीची निघायची, मी कापडावर आडवी पडले कारण दुसरं वजन नव्हतं, आणि बारक्या आत घुसून "मी भूत" म्हणत फिरत होता. समोरच कुरणात मेंढ्यांचं एक जुनं कोठार होतं. टेसेलची ही कोठारं बघण्यासारखी असतात, घर मध्येच चिरून अर्धं ठेवल्यासारखी, उतरत्या छपराची बाजू नैऋत्येला, म्हणजे वारा त्यावरून घसरून पुढे जातो आणि आडोशाला सगळं शांत. मेंढ्यांचा चारा कित्येक पिढ्या त्यात सुरक्षित आहे. आमचं बिऱ्हाड नायलॉनमध्ये.

आता त्या कॅम्पिंगवरची सकाळ. साडेसात वाजता प्रत्येक तंबूची चेन उघडते आणि एकेक सभ्य डच माणूस बाहेर पडतो, केस विस्कटलेले, पायात सपाता, काखेत टॉयलेट पेपरचा रोल. तो रोल कुणी लपवत नाही की काही नाही, भेटेल त्याला हसून गुड मॉर्निंग, हवा छान आहे, आणि रांगेत उभे. जुन्या पद्धतीच्या कॅम्पिंगवर कागद आपला आपण आणायचा असतो. मला एकदम आजोळी पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडे निघालेली मंडळीच दिसायला लागली, तीच चाल, वाटेत थांबून तीच पावसापाण्याची चौकशी. आमच्या हातात रोलऐवजी पाण्याची बाटली. तीन वर्षांच्या मुलाला सारखं पाणी पाजणारी दक्ष आई अशी माझी तिथे ख्याती झाली असावी.

अंघोळीला टोकन. एक टोकन टाकलं की गरम पाणी येतं आणि थोड्या मिनिटांनी बंद पडतं, आणि त्या थोड्या मिनिटांत दोन पोरं धुवायची. लेकीचं पटकन झालं. बारक्या मात्र पाण्याखाली उभाच राहीना, कारण पाणी "वरून येतंय". घरी काय बादलीतून येतं का रे? तर हो, घरी बादलीतूनच येतं, आम्ही परदेशात राहूनसुद्धा बादली-मग सोडलेला नाही. शेवटी त्याला काखेत उचलला, डोक्याला शाम्पू लावला, छान फेस झाला, आणि टक्. पाणी बंद. दुसरं टोकन नवऱ्याच्या पॅंटच्या खिशात, आणि नवरा ती पॅंट घालून भांडी घासायच्या जागी, कारण इथे संध्याकाळी सगळे पुरुष प्लॅस्टिकच्या टबात भांडी घेऊन तिकडे जमतात आणि कढया घासत फुटबॉलवर बोलतात. हा प्रकार मात्र मला मनापासून आवडला, आपल्याकडे ताबडतोब सुरू व्हावा. तर मी ओल्या कपड्यांत, काखेत फेसाळलेलं पोर, मागे टॉवेल ओढत लेक, अशी पूर्ण कॅम्पिंग ओलांडून टोकन आणायला गेले. कुणी हसलं नाही. एका बाईंनी वाटेतच आपलं टोकन माझ्या हातात ठेवलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. ह्या बाईंना तीन मुलं होती. ती सकाळी अनवाणी कुठेतरी जायची, जेवायला उगवायची आणि परत गायब. बाई दिवसभर वाचायच्या. मला त्यांचा इतका हेवा वाटला की त्या काय वाचतायत हेही मी मुद्दाम बघितलं नाही.

रात्र तिथे नसतेच. जुलैत सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो आणि उजेड त्यानंतरही रेंगाळतो. डच मुलं सात-साडेसातला भर उन्हात गुपचूप झोपतात, कशी झोपतात त्यांच्या आयांना माहीत. आमची मुलं म्हणतात, आई, खोटं बोलू नये, ही दुपार आहे. दहा वाजता शांततेची वेळ सुरू होते आणि नेमकं तेव्हा बारक्याला गोष्ट मोठ्या आवाजात हवी असते. कापडाच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं, त्यामुळे मी चिऊ-काऊची गोष्ट कुजबुजत सांगत होते आणि "थांब, माझ्या बाळाला तीट लावते"च्या वेळी तो गरजला, "मग काय झालं?" शेजारच्या तंबूतून कुणीतरी खोकललं. आणि एवढं करून झोपली, की पहाटे साडेचारला मेंढ्या.

मग एके दिवशी दीपगृह बघायला निघालो, बेटाच्या उत्तर टोकाला. इथे सायकलींचे रस्ते नंबरांवर चालतात, चौकाचौकात नंबर लावलेले, आपण फक्त आकडे लिहून घ्यायचे आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं. ही युक्ती बेल्जियमच्या लिम्बुर्ग भागातल्या एका माजी खाण इंजिनिअरची, १९९५ च्या सुमाराची, असं नवऱ्याने चालू सायकलवर वाऱ्यात ओरडून सांगितलं. युक्ती उत्तमच आहे, पण सहा वर्षांच्या मुलीला आकडे वाचता येत असतील तर ती त्या क्षणापासून साहेब होते. "बाबा चुकला! आई, थांब! मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही." बेटावर हेल्मेट घातलेली मुलं बहुतेक आमचीच दोन, त्यामुळे कुठूनही ओळखू यायची, आणि त्यातलं एक हेल्मेट सतत आदेश देत होतं.

दीपगृह लालभडक, १८६४ चं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात असलेल्या जॉर्जियन सैनिकांनी इथे उठाव केला होता, एप्रिल १९४५ मध्ये, आणि बाकी युरोपात युद्ध संपल्यावरही ह्या बेटावर लढाई चालूच होती. त्यात दीपगृहाची चाळण झाली, म्हणून नंतर बाहेरून नवीन भिंत चढवली, आणि आत गेलं की जुन्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. मला खरंच ते सगळं नीट वाचायचं होतं. पण अर्ध्या जिन्यात बारक्याला शू लागली. अरुंद जिना, वरून माणसं उतरतायत, खालून चढतायत, आणि मी "सॉरी, सॉरी" करत त्याला पुढे धरून खाली. इतिहास नवऱ्याने एकट्याने बघितला आणि नंतर मला जेवताना सांगितला, तोही थोडा चुकीचा.

आणि रोज संध्याकाळी गोचीड तपासणी. वाळूच्या टेकड्यांमधल्या गवतात गोचीड असतात, त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून इथे सगळेच पालक बाहेरून आलं की मुलं पालथी घालून गुडघ्याच्या खोबणी, काखा, कानामागे बघतात, आणि सापडला तर खास चिमट्याने काढतात. पुन्हा वाकूनच. बारक्याला गुदगुल्या होतात, तो लोळतो, आणि प्रत्येक तीळ मला गोचीड वाटतो. एक सापडला शेवटी, नवऱ्याच्या पोटरीवर. तो इतका ओरडला की शांततेच्या वेळेचं जे काही उल्लंघन आमच्या नावावर बाकी होतं ते पूर्ण झालं.

परतीच्या दिवशी वारा तिथेच होता, नैऋत्येला. आम्ही आता दक्षिणेकडे. तेच बारा-तेरा किलोमीटर, तोच गुळगुळीत रस्ता, पण पायडल मारायचं थांबलं तर सायकल मागे येते की काय असं वाटावं. ह्या देशात समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा भरते, झीलंड प्रांतातल्या समुद्राच्या बांधावर, साडेआठ किलोमीटर, गिअर नसलेल्या साध्या सायकलवर, आणि पुरेसं वादळ नसेल तर ती होतच नाही. त्या स्पर्धकांना माझं एकच सांगणं आहे, ट्रेलर लावा. त्याचं कापड शिडासारखं फुगतं, फक्त उलट दिशेने ओढतं. लेकीने डेन बुर्गच्या अलीकडे सायकल गवतात टाकली आणि जाहीर केलं की ती आता इथेच मेंढ्यांसोबत राहणार. तिला चिवडा, मग चॉकलेट, मग आइसक्रीमचं वचन, मग दोन आइसक्रीमचं, अशी बोली चढत गेली आणि बंदरापर्यंत पोचेतो मी तिला मांजर कबूल केलं होतं.

बारक्या हा सगळा वेळ ट्रेलरमध्ये पडद्याआड गाढ झोपला होता, सश्याचा कान तोंडात. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटलेली. मी घामाने निथळत, दोन्ही हातांनी सायकल धरून उभी, पाय थरथरतायत, आणि तो डोळे उघडून एकदम ताजातवाना म्हणाला, "आता जायचं?" रांगेतल्या एका आजींनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचा जीव कळवळला. एवढ्या वाऱ्यातून आलास! किती शूर मुलगा! त्यांनी पर्समधून एक काळी गोळी काढून त्याला दिली. ती इथली लाडकी गोळी, ज्येष्ठमधाची, आणि त्यात चवीला नवसागर. हो, कल्हईवाला वापरायचा तोच. बारक्याने ती तोंडात टाकली, दोन सेकंद विचार केला आणि माझ्याकडे हात पुढे कर अशी खूण केली. मी एक हात कसाबसा सोडला. गोळी तळहातावर आली. आजी प्रेमाने बघतायत, कचऱ्याचा डबा पार त्या टोकाला, सायकल कलंडायला लागलेली.

मी ती तोंडात टाकली आणि "लेकर", म्हणजे डचमध्ये छान लागतंय, असं म्हंटलं. आजींनी खूश होऊन मला अजून दोन दिल्या.