‘अवतार’वरून घरात पडलेले दोन तट

‘अवतार’ या हॉलिवूडच्या सिनेमाचा तिसरा भाग डिसेंबर २०२५ मध्ये आला आणि दुसऱ्या भागावरून नाशिकला आमच्या घरात पडलेले दोन तट पुन्हा समोरासमोर आले. तो दुसरा भाग, ‘द वे ऑफ वॉटर’, लागला होता १६ डिसेंबर २०२२ ला, पहिल्यानंतर तेरा वर्षांनी. सातपूरच्या एमआयडीसीत काम करणारा माझा दादा तेव्हापासून ठाम आहे: असलं काही जन्मात बघितलं नव्हतं, पैसा वसूल. कॉलेज रोडला राहणारा, इंजिनिअरिंग करणारा भाचा तितकाच ठाम: दिसायला भारी, पण स्टोरी तीच, व्हिलनसुद्धा तोच, आणि त्यासाठी तीन तास बारा मिनिटं! नाशिकच्या मित्रमैत्रिणींशी बोलले तरी हीच दोन वाक्यं थोड्याफार फरकाने ऐकू येतात. जगभरचे चाहतेही साधारण याच रेषेवर फुटलेले आहेत.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच. पँडोरा नावाच्या चंद्रावर राहणाऱ्या नावी लोकांत सामील झालेला माणूस, जेक सली, बायकोमुलांना घेऊन जंगल सोडतो आणि समुद्राकाठच्या मेटकायिना जमातीकडे आसरा मागतो. पहिल्या भागात मेलेला कर्नल क्वारिच आता नावीच्या शरीरात, जुन्या आठवणी भरून, परत आलेला असतो. तो त्यांच्या मागावर निघतो. क्वारिचचा मुलगा स्पायडर माणसाचाच, पण वाढलेला नावी मुलांसोबत.

मी वेलिंग्टनला राहते. या सिनेमाच्या चित्रीकरणाचा काही भाग इथे न्यूझीलंडमध्ये झाला, आणि पडद्यावरचं ते पाणी, ती कातडी, ते मासे वेलिंग्टनच्या मिरामार भागातल्या वेटा एफएक्स या दृश्य-करामती करणाऱ्या कंपनीने घडवले. त्यामुळे या वादाची दोन्ही टोकं माझ्या कानावर पडतात, आणि आता मला त्यावर काही बोलायचं आहे.

भाच्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. मेलेला खलनायक पुन्हा उभा करणं हा आळस आहे. पळा, नव्या लोकांत जा, त्यांच्या रीती शिका, मग शत्रूचा हल्ला, हा सगळा आराखडा पहिल्या भागाचाच. चित्राचा वेग मध्येच बदलतो हीसुद्धा त्याची तक्रार: पाण्याखालची दृश्यं सेकंदाला ४८ चौकटींनी आणि बरेचसे संवाद नेहमीच्या २४ ने, त्यामुळे डोळ्यांना गेम आणि सिनेमा आलटून पालटून दाखवल्यासारखं होतं. हे मलाही खटकलं.

पण ‘दिसायला भारी’ हे तो ज्या सुरात म्हणतो तो मला मान्य नाही. डोळे दिपवणं म्हणजे काहीतरी हलकं, आणि खरी अक्कल गोष्टीत, असा तो सूर असतो. नाशिकच्या माणसाने तरी तो लावू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला सिनेमाचा संसार नाशिकला आणला, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून पाण्यात कालियाशी झुंजवलं. कालियाची गोष्ट प्रेक्षकांपैकी कुणाला नवीन होती? लोक ती होताना बघायला गेले. माझा दादाही त्याच ओढीने गेला, आणि त्याला काय मिळालं ते तो बरोबर सांगतो. तिथल्या नटांनी खरोखर टाकीत बुड्या मारून, श्वास रोखून कामं केली. केट विन्स्लेटने तर सात मिनिटांच्या वर श्वास धरला होता. ही मेहनत पडद्यावर कळते.

आता सिनेमाचा मधला भाग, माझ्या मते सगळ्यात मोलाचा. टुलकुन हे देवमाशासारखे प्रचंड, विचार करणारे प्राणी. हिंसा करायची नाही हा त्यांचा कायदा, आणि तो मोडला म्हणून पायाकान नावाचा एक टुलकुन कळपाबाहेर टाकलेला आहे. माणसांची शिकारी बोट एका टुलकुन आईच्या मागे लागते. पिल्लू सोबत असल्यामुळे ती वेगाने पळू शकत नाही, हे शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. तिला मारून ते तिच्या तोंडातून आत शिरतात, मेंदूपर्यंत भोक पाडतात आणि पिवळट द्रवाची एक छोटी कुपी भरून घेतात. बाकी एवढा मोठा देह समुद्रात सोडून देतात. त्या द्रवाने माणसाचं म्हातारपण थांबतं, आणि सिनेमात त्याला नाव आहे अमृता.

नाशिकला सिंहस्थ भरतो तोच मुळी अमृताचा थेंब इथे सांडला या कथेवर. समुद्र घुसळून निघालेलं अमृत, त्यावरून झालेली झोंबाझोंबी, कुणाला मिळालं आणि कुणाला फसवलं गेलं, हे आमच्याकडे आज्या नातवंडांना सांगतात. समुद्रातल्या एका आईला मारून तिच्या डोक्यातून काढलेलं अमृत! या दृश्यावर बोलायला नाशिककरांपाशी जितकं आहे तितकं वेलिंग्टनच्या कुणापाशी नसेल. आणि आमच्या घरातल्या एवढ्या भांडणात हे दृश्य आलंच नाही. मी मुद्दाम दोघांनाही विचारलं. दादा म्हणाला, ते बोटीवरचं ना, फार वाईट वाटलं, पण ते कशासाठी मारत होते ते नीट लक्षात नाही आलं. भाच्याने इंग्रजीतून पाहिला होता. बोटीवरचे लोक भराभरा काय बोलतात ते अर्धं सुटलं, असं तोही म्हणाला.

आईचं उदाहरण मला जास्त लागलं. ती पंचवटीत राहते. दादाने तिला हिंदी शोला नेलं होतं. तिचं हिंदी मालिकांचं आणि भाजीबाजारातलं. फोनवर तिने मला एकच विचारलं: “शेवटी त्या पोराने त्या दुष्ट माणसाला पाण्यातून ओढून का काढलं गं? बुडू द्यायचा की.” स्पायडरने क्वारिचला वाचवणं हे या सिनेमातलं सगळ्यात वादग्रस्त वळण आहे. तो बाप आहे की बापाच्या आठवणी भरलेलं दुसरंच कुणी आहे, पोराचं त्याच्याशी नातं नेमकं काय, यावर इंग्रजी जाणणारे चाहते अजून हिरीरीने भांडतात. माझ्या आईने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. पण घरात हा वाद रंगला तेव्हा ती गप्प बसून राहिली, कारण नातू म्हणाला, “आजी, तुला नाही कळायचं ते.”

म्हणून मला वाटतं, आपल्याकडचा वाद ‘दृश्य मोठं की गोष्ट मोठी’ असा मांडला जातो तो चुकीच्या जागी. गोष्ट ज्यांच्यापर्यंत पुरती पोहोचली नाही ते साहजिकच दृश्याबद्दल बोलतात. ज्यांच्यापर्यंत बरीचशी पोहोचली ते तिच्यातले दोष काढतात, आणि मग पहिल्यांना भोळे समजतात. हा सिनेमा भारतात इंग्रजीशिवाय हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये लागला. मराठीत नाही. कोइमतूरच्या आजीला जे आपल्या भाषेत मिळालं ते पंचवटीतल्या आजीला मिळालं नाही, आणि तरी आपण दोघींच्या समजेची तुलना करायला मोकळे.

इथे वेलिंग्टनला काय झालं? खरं सांगायचं तर इथला वाद आपल्यापेक्षा मिळमिळीत होता. श्रेयनामावलीत कुणाचा शेजारी, कुणाची मुलगी. त्यामुळे कथेला नावं ठेवायला लोक कचरतात. भाच्यासारखं तोंडावर ‘स्टोरी तीच’ म्हणणारा मला इथे क्वचित भेटला, आणि त्या बाबतीत मी नाशिकच्या बाजूने आहे. पण एक प्रश्न इथे विचारला गेला जो आपल्याकडे कुणाच्या मनातही आला नाही. मेटकायिनांच्या अंगावरची गोंदणं, त्यांचं जीभ बाहेर काढून आव्हान देणं, हे माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, आणि पॅसिफिक बेटांवरच्या इतर पॉलिनेशियन लोकांवरून घेतलेलं आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका माओरी बाईंना जमातीच्या प्रमुखाच्या भूमिकेत क्लिफ कर्टिससारखा माओरी नट असल्याचं कौतुक होतं, आणि आमची गोष्ट दुसऱ्याच कुणीतरी सांगावी याचा रागही होता. एकाच माणसाच्या मनात दोन्ही. ही गोष्ट कुणाची आणि कुणाच्या तोंडून, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि तो नुसता रागावून सोडलेला नाही. माओरी बोलू शकणारे लोक आहेत दोन लाखांच्या आसपास. या भाषेसाठी १९८२ पासून बालवाड्या निघाल्या, १९८७ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि २०१७ मध्ये डिस्नेचा ‘मोआना’ माओरीत आला. मग २०२२ मध्ये ‘द लायन किंग’ आणि ‘फ्रोझन’. इथल्या जवळजवळ प्रत्येक माओरीला इंग्रजी उत्तम येतं. ‘कळतं ना इंग्रजी, मग कशाला?’ असं त्यांना कुणीही म्हणू शकलं असतं.

आपल्याकडे हेच म्हणतात: मराठी माणसाला हिंदी कळतं, डबिंग कशाला? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून जास्त होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय लोकांनी सरकारला मागे घ्यायला लावला. दादा त्या वेळी फार तावातावाने बोलत होता, आणि त्याचं बरोबरच होतं. पण सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीशी ‘मराठीत आहे का?’ असं त्याने कधी विचारलेलं मला आठवत नाही. शाळेत नको म्हणून आपण भांडलो ते हिंदी थिएटरात मुकाट्याने चालवून घेतो, हे मला मनापासून खुपतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मराठी सिनेमालाच पडदे मिळत नाहीत. त्यात हॉलिवूड मराठीत बोलू लागलं तर आपला सिनेमा आणखी मागे ढकलला जाईल. ही भीती खोटी नाही. कर्नाटकात याच भीतीपोटी कन्नड डबिंगवर तिथल्या चित्रपट संघटनांनी कित्येक दशकं अघोषित बंदी घातली होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ती बेकायदा ठरवली, आणि २०२२ मध्ये हाच ‘अवतार’ कन्नडमध्ये लागला. म्हणजे जिथे बंदी होती तिथे डबिंग झालं, आणि जिथे कधी बंदी नव्हती तिथे झालं नाही. शिवाय आज त्या पडद्यावर हिंदी शो चालूच आहेत. त्यांतला एखादा मराठी झाला तर मराठी सिनेमाचं त्यात काय जातं?

तिसरा आक्षेप, डब केलेलं मराठी हास्यास्पद वाटतं. वाईट केलं तर वाटणारच. पण विज्ञानकथेला मराठी कमी पडते हे मी नाशिकमध्ये तरी ऐकून घेणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन नाशिकला भरलं तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ त्या मानाच्या जागी निवडला गेला होता. कृष्णविवर आणि कालप्रवास त्यांनी शाळकरी मुलांना कळेल अशा मराठीत सांगितला. हे ज्या भाषेत झालं तिच्यात क्वारिच आणि स्पायडर चार वाक्यं बोलू शकतात. त्यासाठी चांगला लेखक हवा, नाटकात मुरलेले आवाज हवेत, आणि दोन्ही आपल्याकडे आहेत.

मागणीची गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. २०२३ मध्ये स्पायडरमॅनच्या अ‍ॅनिमेशनपटाचा दुसरा भाग भारतात दहा भाषांमध्ये जाहीर झाला, त्यात मराठी होती. तेव्हा माझ्या नाशिकच्या माणसांपैकी कुणी ती मराठी प्रत शोधायला गेलं नाही. बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नव्हतं. वितरक अशाने पुढच्या वेळी काय ठरवणार?

‘अवतार’च्या चौथ्या भागासाठी २१ डिसेंबर २०२९ ही तारीख जाहीर झालेली आहे. भाच्याला मी सांगितलं आहे की तोवर तुझं शिक्षण संपेल, तुझ्या हाती पैसे असतील, मित्र असतील, आणि थिएटरवाल्यांना कसं गाठायचं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. विचारायला सुरुवात कर. आजीच्या प्रश्नाला मी फोनवर जमेल तसं उत्तर दिलं, पण तिला ते पटलेलं नाही. तिचं म्हणणं अजून तेच आहे की पोराने हात द्यायला नको होता, आणि पुढच्या भांडणात हे ती स्वतः सर्वांसमोर बोलणार आहे.