चहामळ्यातलं ‘फुकट’ घर आणि आपला कटिंग

आमच्या परळच्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा : ‘चहामळ्यातल्या मजुरांना घर, दवाखाना, शाळा, रेशन सगळं फुकट. सरकार त्यांचे लाड करतं, म्हणून मळे तोट्यात गेले. आणखी मजुरी वाढवली तर मुंबईत कटिंग परवडणार नाही.’ त्यावर कितीतरी जणांनी अंगठे दिले. गिरणगावातल्या माणसांनी हे खरं मानावं याचं मला वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

आधी ‘फुकट’चं बघू. घर, दवाखाना, पाळणाघर ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९५१च्या मळा कामगार कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली. आसामात ब्रह्मपुत्रा खोऱ्यात २०२३च्या ऑक्टोबरपासून रोजची मजुरी २५० रुपये झाली. एवढी कमी का, असं विचारलं की मालक याच सोयींची किंमत पुढे करतात. जे मजुरीत धरलंय ते फुकट कसं? त्या मजुरीसाठी बाई दिवसभर उभी राहून दोन पानं, एक कळी खुडत चोवीस किलोंच्या आसपास पाला भरते. कमी भरला तर पैसे कापतात.

आणि ते घर. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९८२च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतलं नाही, हक्काच्या पैशांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा बिल्ला अजून आहे. पण त्याच ट्रंकेत खोलीच्या भाडेपावत्याही आहेत. खोली गिरणीची नव्हती, म्हणून नोकरी गेली तरी आम्ही रस्त्यावर आलो नाही. मळ्यात घर कंपनीचं. आई थकली की मुलीने टोपली पाठीवर घ्यायची, नाहीतर घर सोडायचं. तमिळनाडूतले मांजोलाईचे मळे तर मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीकडे होते. २०२४ मध्ये तिथलं काम थांबलं आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना घरं रिकामी करायला सांगितलं.

सरकारी लाडांबद्दल फार लिहावं लागत नाही. आसाम-बंगालच्या चहा कामगारांसाठी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १००० कोटी रुपये जाहीर झाले, त्याच वर्षी दोन्ही राज्यांत निवडणुका होत्या. बंद मळ्यांतल्या कामगारांची थकबाकी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच केंद्राला आदेश दिला होता. तो पाळला नाही म्हणून २०१२ मध्ये अवमान याचिका करावी लागली. पुढे देणं किती, हे मोजायला न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती अभय सप्रे यांची समिती नेमली. लाडक्या माणसाला स्वतःच्या कमाईसाठी एवढं भांडावं लागत नाही. आता १९५१चा कायदा नव्या श्रमसंहितेत विरला आहे, आणि या सोयी मालकाने सरकारी योजनांमधून दिल्या तरी चालतील अशी मुभा तिच्यात आहे. मला याचीच जास्त काळजी वाटते.

मळे अडचणीत आहेत, हे मात्र खरं. झुडपं म्हातारी झालीत, पाऊस बेभरवशाचा झालाय, लिलावातला भाव खर्चाच्या मानाने वाढत नाही. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आज छोट्या शेतकऱ्यांकडून येतो, आणि पाच हेक्टरच्या आतल्या मळ्यांना १९५१चा कायदा लागूच नव्हता. मग त्यांचंही गणित का बसत नाही? तोट्याचं खापर मजुरांच्या सोयींवर फोडणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

राहिला कटिंग. स्टेशनबाहेरच्या टपरीवर मामा डब्याच्या झाकणाने पावडर मोजून पातेल्यात टाकतात. किलोत किती कटिंग होतात, विचारलं. म्हणाले, “ताई, चारशे तरी निघतात.” आता हिशेब करा. साडेचार किलोंच्या आसपास ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो, म्हणजे चोवीस किलोंचा पाच किलोंहून थोडा जास्त. रोजची मजुरी एकदम शंभर रुपयांनी वाढवली तर किलोमागे वीसेक रुपये. फवारणीचे, छाटणीचे, कारखान्यातले मजूर धरून दुप्पट करा, चाळीस. भागिले चारशे.

दहा पैसे. आमच्याकडे कटिंग बाराचा पंधरा झाला तेव्हा मामांनी दुधाचा भाव सांगितला होता, गॅसचा सांगितला होता. मळ्यातल्या मजुरीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.