थेरपिस्टला डिग्री विचारू नये

मन थाऱ्यावर नाही, झोप उडाली आहे, आणि खासगी थेरपिस्टकडे जायचं तुम्ही ठरवलं आहे. छान. माझं एका ठिकाणचं नुकतंच आटोपलं आहे, तेव्हा ताज्या अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगतो. फुकट सांगतोय. या क्षेत्रात हे दुर्मिळ आहे, लक्ष देऊन वाचा.

निवड बोर्ड बघून करावी. ज्या बोर्डावर सगळ्यात जास्त शास्त्रं, तो थेरपिस्ट उत्तम. 'लाइफ कोच, मॅरेज काउन्सेलर, हिप्नोथेरपी, एनएलपी, ग्राफोलॉजी, पुष्पौषधी' एवढं सगळं एका दारावर मावलं असेल तर डोळे मिटून आत जावं. खाली बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारी डीएमआयटी असेल तर सोन्याहून पिवळं. मन तुमचं, ठसे मुलाचे, एका फेरीत दोन्ही कामं. नुसतंच 'एम. फिल., क्लिनिकल सायकॉलॉजी' आणि खाली एक नंबर, असा बोर्ड दिसला तर पुढे चालू लागा. त्या माणसाला बाकी काहीच येत नसणार.

घरी सांगू नये. सांगितलंत तर मावशी सत्यनारायणाची तारीख काढून मोकळी होईल.

एक तास म्हणजे ५० मिनिटं. यावर वाद घालू नये.

पैशांचं म्हणाल तर पुण्यात एका सत्राचे साधारण दीड ते अडीच हजार, आणि जायचं दर आठवड्याला. महिन्याचा हिशोब करू नये. केलात तर त्या धक्क्यासाठी वेगळं सत्र लागेल. मेडिक्लेमच्या भरवशावर तर अजिबात राहू नये. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा मिळाला पाहिजे, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कायदा २९ मे २०१८ पासून लागूही आहे. कंपनीला विचारा, ती गोड आवाजात म्हणेल, "आहे की सर कव्हर." फक्त भरती व्हा. चोवीस तास खाट अडवा. चालत गेलात, खुर्चीत बसून बोललात आणि चालत घरी आलात की झाली ती ओपीडी, आणि ओपीडी बहुतेक पॉलिसींत नसते. समानता अगदी काटेकोर पाळली आहे. तापाच्या ओपीडीलाही पैसे नाहीत, मनाच्याही नाहीत.

पावती मागू नये. मागितलीत की "पैशांशी तुमचं नातं काय आहे ते एक्सप्लोर करू या" असं उत्तर येतं, आणि त्या एक्सप्लोर करण्याचेही पैसे होतात.

बाहेर बसलेलं असताना रिसेप्शनवरची मुलगी "ते झोप न येणारे काका, आत चला" अशी हाक मारेल. गोंधळू नये. चौघं उठतात, त्यातल्या ज्याची अपॉइंटमेंट असेल त्यानं जावं.

पहिल्या सत्रात तुम्हाला सगळं विचारलं जाईल. शाळेत मार कोणी दिला, वडील कसे होते, भूक कशी आहे, दारू किती, घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का, जीव द्यावासा वाटतो का. हे विचारायलाच हवं, विचारलं नाही तर उठून निघून यावं. एवढं एक खरंच सांगतो. टिश्यूचा डबा मध्ये ठेवून एका अनोळखी माणसाला तुम्ही ते सांगाल जे बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आणि सगळं सांगून झाल्यावर तुमच्या मनात एक साधा प्रश्न येईल, की हे गृहस्थ हे सगळं शिकलेत कुठं?

तो विचारू नये.

मी विचारला. अगदी अदबीनं म्हटलं, "सर, तुमचा आरसीआय रजिस्ट्रेशन नंबर मिळेल का?" आरसीआय म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद ठेवणारी परिषद, तिच्याकडे पुढे येतोच. सर हसले. हे हसू त्यांनी प्रशिक्षणात घोटलेलं असावं, जे काही प्रशिक्षण असेल ते. म्हणाले, "इंटरेस्टिंग. हा प्रश्न आजच का आला असेल?" मी म्हटलं, तपासायचा होता. 'तपासायचा' हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. "लहानपणी घरात कोणावर विश्वास टाकता येत नव्हता का?" मी म्हटलं, सर, नंबर. तर मान तिरकी करून म्हणतात, "बघा, ट्रस्ट इश्यूज आहेत तुमच्यात. यावर आपल्याला किमान सहा सत्रं काम करावं लागेल."

सहा सत्रं! एका नंबरासाठी! हापूसची पेटी घेताना देवगडचा की कर्नाटकातला म्हणून पेंढ्यात नाक खुपसणारे आपण लोक, आणि कुठलाही आंबेवाला म्हणत नाही की काका, तुमच्या बालपणात काहीतरी घडलंय. डोकं ज्याच्या हाती द्यायचं त्याला मात्र काही विचारायचं नाही, कारण विचारणं हेच तुमच्या आजाराचं लक्षण. गप्प बसलात तर तुमची प्रगती आहे. तोंड उघडलंत तर तुम्ही रेझिस्ट करताय. सरांच्या मागच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एक सर्टिफिकेट आहे, ते मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जवळून वाचलं. दोन वीकेंड, ऑनलाइन.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजेच आरसीआयकडे, नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी लोक एम. ए. नंतर दोन वर्षं रुग्णालयात पेशंट बघत एम. फिल. करत आले आहेत. नोंद झाली की क्रमांक मिळतो, आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. एक मिनिटाचं काम. ही नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर १९९२ च्या कायद्यात शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! सर एका सत्रात दंड भरतील आणि वर मिसळ खाऊन येतील. तीही वेळ येत नाही, कारण सर बोर्डावर 'क्लिनिकल' लिहितच नाहीत. थेरपिस्ट, काउन्सेलर, हीलर, माइंड कोच, काय वाटेल ते लिहितात, आणि कोणी येऊन विचारत नाही. समुपदेशकांनाही कक्षेत आणणारा वेगळा कायदा २०२१ मध्ये झाला आहे म्हणे. त्याचं वारं सरांच्या जिन्यापर्यंत अजून आलेलं नाही.

एम. ए. करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं नेकीनं काम करणारे समुपदेशकही आहेत, भरपूर आहेत. त्यांना हाच प्रश्न विचारा. दोन वाक्यांत सांगतात, वहीत काही लिहून घेत नाहीत.

असो. पुढचा सल्ला, पॅकेज घ्यावं. दहा सत्रांचे पैसे आधी भरले की अकरावं मोफत, आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. जुन्या वळणाचे थेरपिस्ट पहिल्या एकदोन भेटींतच सांगतात की कशावर काम करायचं, अंदाजे किती सत्रं लागतील आणि कुठं थांबायचं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेकनं साठच्या दशकात मांडलेली, विचारांची चुकीची वळणं ओळखून बदलायला शिकवणारी ती सीबीटी तर बऱ्याचदा बारा ते वीस सत्रांत आटोपते, वर घरी करायला गृहपाठ. असं केलं तर धंदा कसा चालायचा? पेशंट बरा होऊन निघून जातो.

तुम्ही आयत्या वेळी सत्र रद्द केलंत तर पूर्ण फी. विसर्जनाला रस्ते बंद होते हे कारण चालत नाही. सरांनी दहा मिनिटं आधी रद्द केलं तर ते त्यांचं सेल्फ-केअर.

गोपनीयतेची काळजी करू नये. त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं ती दिलेलीच आहे. कोणाच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, असे मोजके अपवाद सोडले तर तुमचं बोलणं बाहेर जाता कामा नये. सरांनी म्हणूनच सगळ्या क्लायंटांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे, 'न्यू बिगिनिंग्ज'. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्यात मला आमच्या सोसायटीचे चेअरमन सापडले, त्यांना मी सापडलो. आता लिफ्टमध्ये आम्ही दोघंही पंख्याकडे बघतो.

आणि गोळ्या चालू असतील तर...

नाही, हे हसत हसत लिहिता येत नाही. एमडी झालेल्या मनोविकारतज्ज्ञानं तपासून दिलेली गोळी. लागू पडायलाच काही आठवडे लागतात. मध्येच सोडली तर चक्कर येते, जीव घाबरा होतो, आजार उलटू शकतो. ती गोळी "केमिकल आहे, नुसतं दाबून टाकतं" म्हणून बंद करा आणि पुष्पौषधीचे थेंब घ्या, असं सांगायचा, सर, तुम्हाला काय अधिकार आहे हो? औषध लिहून द्यायचा परवाना तुमच्याकडे नाही, मग थांबवायचा कुठून आला? मी तुमचं ऐकलं नाही. बाहेर ती कॉलेजातली मुलगी बसलेली असते, ती ऐकेल. तिला तुम्ही देव वाटता.

तुमच्याकडे कोणी हौस म्हणून येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा दर दहा प्रौढांत साधारण एकाला मानसिक आजार निघाला, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते. का मिळत नाहीत? लाज वाटते, पैसे नसतात, कोणाकडे जायचं कळत नाही. त्यातून एखादा महिनोन्महिने मनाशी भांडून, घरी खोटं सांगून तुमचा जिना चढतो, आणि तुम्ही त्याला पॅकेज विकता. फसला की तो दुसऱ्या चांगल्या माणसाकडे जात नाही, तो कोणाकडेच जात नाही. हे पाप तुमच्या डोक्यावर आहे.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही विचारायला लाजू नका. शिक्षण काय, नोंदणी कुठली, किती सत्रं, रद्द केलं तर काय, पावती मिळेल ना. चिडला तर उठा. खासगी परवडत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढा. रांग असेल, पण रांगेच्या टोकाला डॉक्टर असतो. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सर, उरलेल्या सत्रांचे पैसे मी लेखी मागितले आहेत, ते परत करा. आणि तो ग्रुप आजच्या आज बंद करा. काल चेअरमननी त्यावर सुप्रभातचं फूल टाकलंय.