तुझं ते गेलं बघ

दिवेलागणीला सगळ्या मंगळवार पेठेत दिवे लागतात, तेव्हा आमच्या घरात एक विझतो. राउटरचा. सव्वासातला, फार तर दोन मिनिटं इकडेतिकडे. आधी माडीवरून पोरगी ओरडते, "बाबाऽऽ!" मग स्वयंपाकघरातून बायको, "अहो, परत." आणि सगळ्यात शेवटी देवघरातून आई, अगदी शांतपणे, "गेलं बघ तुझं ते."

'तुझं ते' हे आमच्या घरातलं वायफायचं नाव. सहा महिन्यांपूर्वी त्याला असा मालक नव्हता. तेव्हाही ते आठवड्यातून एखाद्या वेळी मान टाकायचं, पण तेव्हा आम्ही सगळे मिळून कंपनीला शिव्या घालायचो. तेवढ्यापुरतं घर एका विचाराचं व्हायचं. मग मला दुर्बुद्धी सुचली. राउटरला आतून चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, पुसून मी त्यात ओपनडब्ल्यूआरटी नावाचं दुसरं घातलं, आणि त्या दिवसापासून घरात कंपनी म्हणजे मी. फरक इतकाच की कंपनीला फोन लावला की आधी दहा मिनिटं संगीत ऐकायला लागतं, आणि मी जेवायला पानावरच सापडतो.

का केलं, तर नाद. कोल्हापुरात प्रत्येकाला एक असतो. कुणाला कबुतरांचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कुस्तीचा. मला हा. आमच्या राउटरला कंपनीकडून शेवटचं अपडेट येऊन जमाना झाला होता. पोटच्या पोराला टाकून द्यावं तसं कंपनीनं त्याला टाकलं होतं आणि मी त्याला दत्तक घेतलं, असं मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "एक पोरगी हाय ती बघ की आधी."

या ओपनडब्ल्यूआरटीचं मूळ मोठं गमतीचं आहे. लिंकसिसचा एक निळा-काळा राउटर होता, डब्ल्यूआरटी54जी. 2003 साली लोकांच्या लक्षात आलं की त्याच्या पोटात लिनक्स, म्हणजे कोड खुला असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आहे. लिनक्सचा परवाना असा, की वापरून बनवलेली वस्तू विकलीस तर त्यातला तो कोडही मागणाऱ्याला दे. कोड बाहेर आला, आणि त्यावर 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच. पुढं 2016 मध्ये मंडळ फुटलं. फुटलेल्यांनी लेडे नावाचं वेगळं मंडळ काढलं, आणि 2018 च्या सुरुवातीला दोघं परत एकाच मांडवात आले, जुन्याच नावानं. फुटलेलं मंडळ दीड-दोन वर्षांत एक झालेलं मी आमच्या पेठेत अजून बघितलेलं नाही, त्यामुळं या माणसांविषयी मला फार आदर आहे. पूर्वी त्यांच्या आवृत्त्यांना कॉकटेलची नावं असायची, व्हाइट रशियन, कामिकाझे वगैरे, आणि आत शिरलं की स्वागतालाच त्या दारूची कृती. हे मी कौतुकानं घरात सांगितलं ती चूकच झाली. पुढं काहीही बिघडलं की आई म्हणायची, "दारुड्यांचं काम ते."

फर्मवेअर चढवायची रात्र मी जन्मात विसरणार नाही. राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर मॉडेलचं नाव आणि आवृत्ती छापलेली असते, ती एका अंकानं जरी चुकली तरी आतली पाटी वेगळी निघू शकते. आईचं भिंग आणून तीनदा वाचली. चढवताना मध्येच लाइट गेली तर राउटरची वीट होते असं म्हणतात. म्हणजे मग तो दाराला अडसर म्हणून लावायचा. राउटरची झाली वीट तर घरच्यांना येणार वीट, हे ओळखून मी त्याला इन्व्हर्टरवर घेतलं आणि दीड-दोन मिनिटं दिव्याच्या उघडझापीकडं बघत श्वास धरून बसलो. झालं! चालू झाला! आणि वायफाय गायब. कारण नव्यानं चढवलं की यात वायफाय मुळात बंदच असतं, आधी केबल लावून आत जा आणि हातानं चालू कर. माझ्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांच्या पोराला उठवून त्याचा जुना लॅपटॉप आणला. तो पोरगा अजून माझ्याकडं संशयानं बघतो.

पण नंतरचे पंधरा दिवस काय सांगू! राज्य! कुठल्या फोननं किती डेटा ओढला याचे आलेख. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क. जाहिराती बंद. मी ऑफिसात लोकांना धरून धरून सांगायचो. एकानं तर माझी जेवायची वेळ बघून आपली बदलून घेतली.

सोळाव्या दिवशी सव्वासातला पहिल्यांदा गेलं. चार-पाच मिनिटांत आपोआप परत आलं, पण आईनं तेवढ्यात संधी साधली. "आता काय करतीस वर? ये खाली, शुभंकरोति म्हण." पोरगी पाय आपटत उतरली. दुसऱ्या दिवशी परत सव्वासात. तिसऱ्या दिवशी बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी तपासाला लागलो. या फर्मवेअरची मोठी सोय अशी की राउटर जे जे करतो त्याची नोंद ठेवतो. आणि मोठी गैरसोय अशी की ती नोंद रॅममध्ये ठेवतो. राउटर रीस्टार्ट झाला की नोंद साफ. म्हणजे पोलिस पंचनाम्याला पोचेपर्यंत प्रेतच उठून आंघोळ करून बसलेलं. त्यात राउटरला स्वतःचं घड्याळ नाही. उठल्यावर तो इंटरनेटला वेळ विचारतो, आणि मूळचा ग्रीनिचच्या वेळेवर राहतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्यामुळं खून आमच्याकडं सव्वासातला, वहीत पावणेदोनचा. हे उलगडायलाच माझा एक रविवार गेला.

मग मी वायफायचे चॅनल, म्हणजे हवेतल्या वाटा, बदलले. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न घालणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या गल्लीत वायफाय तेवीस. स्कॅन केलं तर अख्खी पेठ डोळ्यांपुढं उभी राहिली. 'नाद करायचा न्हाय', 'जगात भारी', 'पासवर्ड मागू नये', आणि एक नुसतंच 'विचार कर'. या गर्दीतून उठून मी 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गेलो, चॅनल 100. तिथं नियम असा की आधी साठ सेकंद गप बसून कान देऊन ऐकायचं, आसपास रडार तर नाही ना, आणि मगच तोंड उघडायचं. आमचा साठ सेकंद ऐकायचा, बोलायला लागायचा, आणि थोड्या वेळानं 'रडार सापडलं' म्हणून पळून जायचा. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सोडली तर आमच्या गल्लीत रडारसारखं दिसणारं काही नाही. आईला समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, "विमानं उजळाईवाडीला उतरत्यात रं, तुझ्या माडीवर न्हाईत."

आमचं घर जुनं, भिंती दोन फुटी, दगड-मातीच्या. अंबाबाईच्या किरणोत्सवात पहिल्या दिवशी किरणं पायांवर येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आमचा सिग्नल रोजच पहिल्या दिवसावर असतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि पायाला लागून थांबतो. तेव्हा ताकद कमी पडत असेल म्हणून तीही वाढवून झाली. देशाच्या रकान्यात भारत घालायचा राहिला होता तो घातला. उष्णता असेल म्हणून आईनं धूळ बसू नये म्हणून घातलेला क्रोशाचा रुमाल काढला. त्यावरून दोन दिवस अबोला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढून राउटरवर रोखला. राउटर गार पडला आणि गार अवस्थेत सव्वासातला गेला.

इथं एक कबुली. शहाणा माणूस एका वेळी एक गोष्ट बदलतो आणि बघतो. मी एका बैठकीत बारा बदलायचो. मग त्यातल्या कुठल्या बारगळल्या आणि कुठल्या नव्यानं उपटल्या, हे मलाही कळेना. जाहिराती अडवणाऱ्या यादीत मी उत्साहानं इतकी भर घातली की बायकोला साड्यांचं दुकान उघडेना आणि आईचं पंचांगाचं अॅप रोज एकच तिथी दाखवायला लागलं. "आज परत चतुर्थी?" आईनं विचारलं, आणि उपास सोडायचा की नाही हा प्रश्न घरात पहिल्यांदाच माझ्या हद्दीत आला. बायकोनं फ्रिजवर एक कागद लावला. वर 'तक्रारी', खाली तारीख, वेळ, सही. पाहुणे आले की आधी तो वाचायचे.

शेवटी राउटरची नोंद दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहायची सोय केली, म्हणजे हा मेला तरी जबाब शिल्लक राहील. शेजाऱ्यांच्या पोराचा लॅपटॉप परत मागितला. त्या दिवशी सव्वासातला डोळ्यात तेल घालून बसलो. नोंदी येत होत्या. हा फोन जोडला, तो फोन जोडला. आणि पुढची ओळ थेट नव्यानं सुरू झाल्याची. मध्ये काही नाही. चूक नाही, कुरकुर नाही, 'जातो, माझा नमस्कार घ्यावा' एवढंही नाही. मला वाटलं, एवढं करून पुरावा नाहीच. आठवडाभर तोच कागद छापून खिशात घेऊन हिंडलो.

तो कागद उद्यमनगरात उघडला. माझा एक वर्गमित्र तिथं मोटर रिवायंडिंग करतो. शाळेत गणितात माझ्या मागं होता, पण आता सगळे त्याला वस्ताद म्हणतात आणि तो नाही म्हणत नाही. मी त्याला चॅनल, रडार, ग्रीनिच, सगळं सांगितलं. त्यानं चहा संपवला.

"भावा, बंद पडायच्या आधी काय बोलला न्हाय?"

"नाही."

"एक शब्द न्हाय?"

"नाही म्हटलं ना."

"मग त्याचं डोकं फिरलेलं न्हाय. डोकं फिरलेला माणूस बडबडतो. बोलता बोलता गप झाला म्हंजे श्वास गेला. अॅडॉप्टर बघितलास?"

मी काहीच बोललो नाही. त्यानं माझ्याकडं, गिऱ्हाइकाकडं बघावं तसं, दयेनं बघितलं. "मोटर बंद पडली तर पयलं वायर बघायची का वायंडिंग सोडायचं?"

संध्याकाळी अॅडॉप्टर घेऊन परत गेलो. बारा व्होल्ट, एक अँपिअर. त्यानं काट्याचा जुना मीटर लावला, काटा बाराच्या किंचित वर. मी म्हटलं, "बघ, चांगला आहे." "रिकाम्या गाडीला घाट काय करतोय," असं म्हणून त्यानं मोटरसायकलच्या इंडिकेटरचा दहा वॅटचा बल्ब त्याला जोडला. बल्ब लागला, पिवळट, आणि काटा साडेनऊच्या खाली येऊन म्हाताऱ्याच्या हातासारखा थरथरायला लागला. मग व्हाइसच्या पकडीत धरून त्यानं अॅडॉप्टरचं कवच फोडलं. आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, आधी बल्बवर रिकामा केला, "ह्यो लाथ मारतोय," असं सांगून. आणि मग शेजारच्या लहान कपॅसिटरवर बोट ठेवलं. 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. त्याचा माथा सपाट असायला पाहिजे, तो तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला होता.

मग सगळं एका माळेत ओवलं गेलं. सव्वासातला पोरीचा क्लास, बायकोची भावाबरोबरची व्हिडिओ गप्पा, माझे आलेख, सगळ्यांचा भार एकदम पडायचा. राउटर जास्त करंट मागायचा, फुगीर कपॅसिटरला तो पेलायचा नाही, व्होल्टेज बसायचं आणि राउटर जागच्या जागी लोळण घ्यायचा. कंपनीच्या काळात आठवड्यातून एकदा व्हायचं तेही बहुधा याच्याच कृपेनं. तेव्हा दुखणं नवं होतं, आता पिकलं होतं एवढंच. म्हणजे कंपनीचं फर्मवेअर निर्दोष, माझंही निर्दोष, रडार तर बिचारं अस्तित्वातच नव्हतं. चार महिने मी वकिलांची उलटतपासणी घेत होतो आणि गुन्हेगार कोर्टाच्या भिंतीत, सॉकेटला लटकलेला.

नवा कपॅसिटर, पंधरा रुपये. मजुरी म्हणून वस्तादनं माझ्याकडून मिसळ खाल्ली, आणि नंतर गल्लीत भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. बायकोही आता माहेरी फोनवर सांगते, "अहो, पंधरा रुपयांचं काम. हे चार महिने काहीतरी करत होते." फ्रिजवरचा कागद तिनं समारंभानं काढला. क्रोशाचा रुमाल परत आला. पोरगी माडीवर, दार लावून. आज एक्केचाळीस दिवस झाले, राउटरनं डोळा मिटलेला नाही. आकडा मी रोज बघतो.

परवा सव्वासातला मी आलेख बघत बसलो होतो. आई देवघरातून आली, समई लावून झाली होती, हात पदराला पुसत तशीच उभी राहिली. मग माडीकडं बघितलं.

"आज गेलं न्हाई व्हय रं तुझं ते?"

"नाही. आता जात नाही."

"हां," आई म्हणाली. थोडा वेळ थांबली. "पोरगी येत न्हाई आता खाली."

या फर्मवेअरमध्ये क्रॉन नावाची सोय आहे. ठरल्या वेळी ठरलेलं काम राउटर आपण होऊन करतो. रात्री सगळे झोपल्यावर दोन ओळी घातल्या. 19 वाजून 15 मिनिटांनी वायफाय बंद, 19 वाजून 25 मिनिटांनी चालू. राउटर ग्रीनिचहून कोल्हापुरात आणलेलाच होता, तरी घड्याळ एकदा परत तपासलं. नाहीतर रात्री पाऊण वाजता शुभंकरोति.

काल सव्वासातला माडीवरून आवाज आला, "बाबाऽऽ! परत गेलं!" पाठोपाठ स्वयंपाकघरातून, "अहो, त्या वस्तादना फोन लावा बघू."

"बघतो," मी म्हटलं, आणि कपाळाला आठ्या घालून राउटरसमोर जाऊन बसलो.